ट्रिमचा काटा अडकतो, काय करावे?

प्रश्न : आमच्या स्पीडबोटीला केबलवर चालणारा ट्रिम इंडिकेटर, म्हणजे ड्राइव्ह (बोटीमागचा पंख्याचा भाग) किती वर-खाली आहे ते दाखवणारा काटा आहे. ड्राइव्ह पूर्ण खाली असतानाही काटा शून्यावर येत नाही, कधी मध्येच अडकतो. केबल बदलावी का?

उत्तर : आधी दोष कुठे आहे ते पाहा. इंजिन बंद करून ड्राइव्हकडचे टोक सोडवा आणि आतली तार हाताने मागेपुढे करा. सहज सरकली तर केबल चांगली आहे, बहुधा जुळवणी बिघडली आहे. ड्राइव्ह पूर्ण खाली घ्या, टोकाचा लॉकनट सैल करा, काटा शून्यावर येईपर्यंत टोक फिरवा आणि नट पुन्हा घट्ट करा. मग ड्राइव्ह पूर्ण वर नेऊन पाहा. ड्राइव्ह पूर्ण वर जाण्याआधीच काटा टोकाला टेकत असेल तर केबलवर ताण येतो आणि तिला धरून ठेवणारा क्लॅम्प सरकू शकतो. कधी कधी गुन्हेगार हा क्लॅम्पच असतो!

तार जड सरकत असेल तर बहुधा आत पाणी शिरून गंज धरला आहे. तेल सोडून चार दिवस निभतील, पण केबल बदलाच. नवी केबल जुन्याच लांबीची घ्या. जुन्या केबलच्या टोकाला मजबूत दोरी बांधून ती ओढून काढा, म्हणजे दोरी आत राहून नवीचा मार्ग तयार राहतो. तीव्र वळण नको, एक्झॉस्टपासून लांब ठेवा. ड्राइव्ह दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी ढील सोडा. ट्रान्सममधल्या (बोटीच्या मागच्या भिंतीतल्या) केबलच्या भोकाला मरीन सीलंट लावायला विसरू नका. वर उचललेल्या ड्राइव्हखाली काम करताना त्याला भक्कम टेकू द्या, नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबू नका.