कलर कॅमेरा आहे ना? मग तीन फिल्टरचा संच नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तेजोमेघांचे फोटो काढायचेत, साताऱ्यात एमआयडीसीजवळ गच्ची, ७२ मिमीची एफ/६ दुर्बीण (म्हणजे फोकल लांबी भिंगाच्या व्यासाच्या सहापट), ५३३ या छोट्या चौकोनी सेन्सरचा कलर कॅमेरा आणि बेताचं बजेट. एच-अल्फा, ओ-थ्री, एस-टू (अनुक्रमे हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधकाचा प्रकाश तेवढा सोडणारे फिल्टर) असा स्वस्तातला संच घ्यावा की यातले पहिले दोन एकत्र सोडणारा एकच ड्युअल बँड? आणि थोडी ओढाताण करून थेट ३ नॅनोमीटरचा, म्हणजे प्रत्येक रेषेभोवती तेवढीच अरुंद खिडकी उघडी ठेवणारा, घ्यावा का?

संच घेऊ नका. कलर सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे एक लाल, दोन हिरवे, एक निळा असतो. एच-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, एस-टूची ६७२ च्या आसपास, म्हणजे दोन्ही लालच. या दोन्हींतला कुठलाही फिल्टर लावला की कामाचा पिक्सेल चारात एक उरतो, बाकीचे रात्रभर जवळजवळ नुसते बसून. ड्युअल बँडमध्ये एच-अल्फा लाल पिक्सेलवर आणि ओ-थ्री (५००.७) हिरव्या-निळ्यावर एकाच एक्सपोजरमध्ये येतं. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा असता तर सल्ला उलटा दिला असता.

हबल अवकाश दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघाच्या खांबांसारखे रंग हवेत असं तुम्ही म्हणता. त्यात एस-टूला लाल, एच-अल्फाला हिरवा आणि ओ-थ्रीला निळा रंग दिलेला आहे. एस-टू नसताना हुबेहूब तसं जमणार नाही. पण सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ड्युअल बँडच्या फोटोतून एच-अल्फा आणि ओ-थ्री वेगळे काढायची स्क्रिप्ट तयारच आहे. त्यातून लाल-निळसर चित्र झकास येतं, आणि माझ्या मते सुरुवातीला तेच बरं.

आता ३ नॅनोमीटरचा की ७ चा. ३ नॅनोमीटरमध्ये आभाळाचा उजेड ७ च्या निम्म्याहून कमी आत येतो, हे खरंच आहे. पण गोम प्रकाशाच्या कोनात आहे. फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की त्याची खिडकी निळ्या बाजूला सरकते. एफ/६ ला अगदी कडेच्या किरणांसाठी ही सरक जेमतेम अर्धा नॅनोमीटर, तिची काळजी नको. एफ/२ च्या लेन्सला मात्र ती पाचाच्या घरात जाते, आणि ३ नॅनोमीटरच्या खिडकीतून हवी तीच रेषा बाहेर पडते. पुढे १३५ मिमीची एफ/२ लेन्स घ्यायचा विचार तुम्हीच लिहिलाय, तेव्हा हे आत्ताच लक्षात घ्या. शिवाय स्वस्तातल्या ३ नॅनोमीटरच्या फिल्टरची खिडकी मुळातच थोडी बाजूला बसलेली असली तर एफ/६ लाही फटका बसतो. सातवाल्यात तेवढी चूक खपून जाते. एमआयडीसीच्या उजेडातही ७ पुरेसा आहे. वाचलेले पैसे गायडिंगला (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण नेमकी फिरती ठेवणाऱ्या जोडणीला) लावा, कारण अशा अरुंद खिडकीच्या, म्हणजे नॅरोबँड फोटोंना एक्सपोजर पाच-पाच मिनिटांचे लागतात आणि गायडिंग नसेल तर सगळे तारे लांबुळके.

ड्युअल बँडपेक्षा स्वस्त म्हणून सीएलएस किंवा यूएचसी या रुंद खिडकीच्या फिल्टरांच्या वाटेला जाऊ नका. ते सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जमान्यात ठीक होते. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो त्यांना आवरत नाही.

साइज: ५३३ चा कर्ण १६ मिमी, सव्वा इंची फिल्टर आरामात पुरतो आणि दोन इंचीपेक्षा बराच स्वस्त पडतो. एपीएस-सी हा मोठा सेन्सर घ्यायचं पक्कं असेल तरच दोन इंची.

कासला जाताना फिल्टर लावायचा का, असंही विचारलंय. लक्ष्य काय आहे त्यावर ठरतं. देवयानी दीर्घिका, कृत्तिका, तारकागुच्छ यांचा प्रकाश सगळ्या रंगांचा, तिथे फिल्टर काढून ठेवा. उगाच कासच्या धुक्यात आणि दवात कुडकुडण्यापेक्षा पूर्वेला माण-खटावकडे गाडी वळवा. दुष्काळी पट्टा असल्याने हवा कोरडी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे फ्रेममध्ये घुसतात, तेही ध्यानात असू द्या.

गच्चीवरून फिल्टर लावून काय टिपायचं? जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला संध्याकाळी हंस तारकासमूहातले तेजोमेघ, जानेवारी-फेब्रुवारीत एकशृंगी तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ. रोझेट आपल्याकडे सत्त्याहत्तर अंशांपर्यंत चढतो, म्हणजे गावाच्या उजेडाच्या बराच वर. धनू राशीतला लगून तेजोमेघ पावसाआधी, मार्च ते मेमध्ये पहाटे उरकून घ्या. चांदण्यात एच-अल्फा निभावतं, ओ-थ्री मार खातं. म्हणून ओ-थ्रीवर भिस्त असलेला व्हेल तेजोमेघ अंधाऱ्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा.

सेकंडहँड मिळत असेल तर बिनधास्त बघा, फक्त विकणाऱ्याकडून त्याच फिल्टरने काढलेला मृगाच्या बाणातल्या अल्निटाक ताऱ्याचा एक कच्चा, प्रोसेस न केलेला फोटो मागून घ्या. ताऱ्याभोवती निळसर-हिरवं वर्तुळ फ्रेमभर पसरलेलं दिसलं तर तो दोष ओ-थ्रीच्या बाजूचा असतो, आणि शेजारचा फ्लेम तेजोमेघ त्यात बुडून जातो. प्रोसेसिंगने ते धड निघत नाही. असा फिल्टर निम्म्या किमतीतही घेऊ नका.