मलावी सिक्लिड आणि एंजल लहानपणापासून एकत्र वाढवले तर जमेल का? सोबत आणखी कोणते मासे ठेवू?

नाही, जमणार नाही. तुम्ही लिहिलंय की चार फुटी टाकीत सहा पिवळे मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे) आणि दोन एंजल आहेत, सगळे अजून अंगठ्याएवढे, आणि ‘एकत्र वाढले की भांडत नाहीत’ असं कुणीतरी सांगितलंय. नेमकं हेच वाक्य मला माझ्या दादाने ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझे ऑरेटस होते, म्हणजे मलावी सिक्लिडचीच एक जात. पिवळंधमक अंग, त्यावर आडवे काळे पट्टे. त्यांची पाच पिल्लं आणि दोन एंजल एकाच दिवशी टाकीत सोडले. सात महिने खरंच काही झालं नाही. खाणं टाकलं की सगळे एकाच कोपऱ्यात गोळा व्हायचे, आणि दादा घरी येईल त्याला ते दाखवायचा. मग एक ऑरेटस काळवंडायला लागला. मला वाटलं आजारी पडलाय. पाणी बदललं, औषध टाकलं. आठवड्याभरात पिवळ्याचा पार काळा झाला आणि पट्टे होते तिथे फिकट रेघा उमटल्या. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तो नर होता आणि वयात आला होता. ऑरेटसमध्ये पिल्लं आणि माद्या पिवळ्या असतात, टाकीवर हुकूम चालवणारा नर काळा होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ते एंजलच्या जिवावर बेतलं.

आधी त्याने आपल्याच जातीतल्या दुसऱ्या नराला दगडामागे दाबून मारला. मग एंजलकडे वळला. त्यांच्या पोटाखालचे लांब दोरे पहिल्यांदा गेले, मग शेपटीच्या चिंध्या झाल्या. एंजलचं ते उंच, चपटं अंग पाण्यातल्या मुळ्यांमधून सावकाश सरकण्यासाठी असतं. खडकांत वाढणाऱ्या माशाने पाठलाग केला तर ते पळणार कुठे? तिसऱ्या दिवशी सकाळी एक हीटरमागे मेलेला सापडला. दुसऱ्याला मी बादलीत काढला, म्हणून तो वाचला.

दादाचं म्हणणं आजही असं की मी मधेच टाकीतले दगड हलवले, म्हणून नर बिथरला. पण मलावीच्या टाकीत दगड हलवतात ते भांडण मोडण्यासाठीच! जागा बदलल्या की कुणाची हद्द कुठली हे सगळ्यांनाच नव्याने ठरवावं लागतं आणि मार खाणाऱ्याला थोडी उसंत मिळते. मलावी सरोवरातल्या या खडकाळ जातींचे नर आपला दगड राखतात, कारण तिथेच शेवाळ, म्हणजे खाणं, आणि तिथेच मादीला बोलवायचं. यात ओळखीपाळखीचा संबंध येतो कुठे? माझ्या नराने पहिला मारला तो त्याच्याच सोबत वाढलेला भाऊ होता.

समजा, भांडले नाहीत. तरी पाण्याचं काय? मलावीला जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी लागतं, पीएच ८ च्या आसपास. एंजल अॅमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. फार्मवर वाढलेले एंजल बरंच सोसतात हे खरं, पण सोसणं वेगळं. खाण्याचंही तेच. शेवाळ खाणाऱ्या या सिक्लिडना एंजलसाठी आणलेल्या रक्तकिड्यांचा मारा झाला तर पोट फुगून मरतात. त्यांना स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाचं खाणं द्या.

सोबत्यांबद्दल विचारलंत. मलावी ठेवणार असाल तर सायनोडॉन्टिस किंवा ब्रिसलनोज हे कॅटफिश, बस. एका नरामागे निदान तीन-चार माद्या ठेवा, आणि टाकी थोडी दाटच भरा, म्हणजे मार एकट्यावर पडत नाही. मात्र मग फिल्टर दणकट हवा. एंजल ठेवणार असाल तर तळाशी राहणारे छोटे कॅटफिश कॉरिडोरास आणि काँगो टेट्रा. नियॉन टेट्रा फार छोटे, ते नकोत, वाढलेला एंजल ते गिळतो. एंजलही सिक्लिडच आहे हे बरेच जण विसरतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमचे पिवळे मासे कोणते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अंगावर पट्टे नसतील, फक्त पाठीच्या परावर काळी कड असेल, तर ते इलेक्ट्रिक येलो असण्याची शक्यता जास्त. ते ऑरेटसपेक्षा खूपच शांत असतात आणि मी वर सांगितलेली मारामारी कदाचित होणारही नाही. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. पट्टे असतील आणि त्यातला एखादा काळवंडायला लागला असेल, तर माझ्यासारखं औषध टाकत बसू नका, एंजल त्याच दिवशी बाहेर काढा.