दिल्ली-काठमांडू: अंतर 815 किलोमीटर, मग वेळ दोन तास का?

प्रश्न: आम्ही नागपूरहून दिल्लीमार्गे काठमांडूला जाणार आहोत. दिल्ली-काठमांडू अंतर 815 किलोमीटर दिसते. तिकिटावर जाताना जवळजवळ दोन तास आणि येताना दीडच तास लिहिला आहे. खरी वेळ कोणती? दिल्लीत किती वेळ हाताशी ठेवावा? आधार कार्ड चालेल का?

उत्तर: खरी वेळ दोन्हीच्या मधली. तिकिटावर सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे आहे. समजा, विमान दिल्लीहून सकाळी 7 ला सुटून काठमांडूला 8.55 ला पोहोचले, तर प्रवास 1 तास 40 मिनिटांचाच झाला. परतताना हीच 15 मिनिटे वजा झालेली दिसतात, म्हणून तिकिटावरच्या दीड तासात 15 मिनिटे मिळवा. हिवाळ्यात मात्र उलटे घडते. हवेच्या वरच्या थरात पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा असतो, त्यामुळे जाताना विमान लवकर पोहोचते आणि येताना रेंगाळते.

815 किलोमीटर हे सरळ रेषेतले अंतर. विमाने साधारणपणे तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, सिमरा गावापर्यंत येऊन उत्तरेला वळतात. दिल्ली-सिमरा सुमारे 790 आणि पुढे 70, म्हणजे 860 किलोमीटर झाले. पण वेळ खाते ती ही 45 किलोमीटरची वाढ नव्हे. काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,338 मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे आणि धावपट्टी एकच. देशांतर्गत छोटी विमाने आणि परदेशी मोठी विमाने त्याच पट्टीवर उतरतात, तिथूनच उडतात. गर्दी झाली की येणाऱ्या विमानाला हवेतच लंबगोल घिरट्या घालत थांबवतात. एका घिरटीला चार-पाच मिनिटे लागतात. चार घिरट्या झाल्या की वीस मिनिटे गेलीच. हिवाळ्यात सकाळी खोऱ्यात धुके साचते, पावसाळ्यात ढग खाली येतात. उतरणे जमलेच नाही तर विमान लखनौ किंवा दिल्लीकडे वळवतात.

तेच विमान पुढे परतीच्या फेरीला लागते, त्यामुळे काठमांडूत उतरतानाचा उशीर तुमच्या परतीच्या विमानालाही भोवतो. म्हणून परतताना दिल्लीत भरपूर वेळ राखून ठेवा, निदान चार तास. तिथे इमिग्रेशन, सामान, कस्टम्स आणि कदाचित टर्मिनल बदलणेही आले. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावे लागते, आणि पुढचे विमान चुकले तर नुकसान तुमचेच. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. जातानाही चार तास ठेवा. काठमांडूचे विमान आंतरराष्ट्रीय असल्याने चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे पहाटेची जोडणी टाळलेलीच बरी.

आधारबद्दल नीट लक्ष द्या, कारण लोक इथेच अडतात. 15 ते 65 वयाच्या भारतीयांना विमानाने नेपाळला जाण्यासाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. त्यांचे आधार चालत नाही. 15 पेक्षा लहान आणि 65 पेक्षा मोठ्यांना वय व ओळख पटवणारे, फोटो असलेले ओळखपत्र पुरते. त्यात आधार चालते. कागद मूळच न्या, मोबाइलमधला फोटो नको. व्हिसा लागत नाही.

आणि जाताना डावीकडची खिडकी मागा. आकाश स्वच्छ असेल तर हिमशिखरांची रांग त्याच बाजूला दिसते. येताना उजवीकडे बसा.