आरोग्यावर रिसर्च करणाऱ्या युनिव्हर्सिटीला वस्तीतल्या संस्था सोबत कशाला लागतात?
कारण लोकांचा विश्वास युनिव्हर्सिटीच्या नावावर बसत नाही, तो रोज दारात येणाऱ्या माणसावर बसतो. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानं रिसर्चच्या नावाखाली सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली, त्यावरचं औषध पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, मग पुढे लोक सॅम्पल द्यायला कसे येतील सांगा? डेट्रॉइटमध्ये मात्र १९९५ पासून मिशिगन युनिव्हर्सिटी आणि तिथल्या संस्था मिळून काम करतायत, अभ्यास कशावर करायचा हेही एकत्र बसून ठरवतात. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे, संस्था प्रश्न ठरवतानाच हवी, नुसते फॉर्म भरून घ्यायला नको. आणि हो, पैसे कोणाला किती, डेटा कोणाकडे राहणार हे आधीच लेखी करा, रिपोर्ट आला की पहिल्यांदा वस्तीत जाऊन सांगा.