जपानी म्हणी इंग्रजी वाचकांना समजावून सांगताना त्याच अर्थाची इंग्रजी म्हण द्यावी का?

जपानी म्हणींचा इंग्रजी संग्रह करताना शब्दशः अर्थ द्यावा की जवळची इंग्रजी म्हण, असे आपण विचारले आहे. जपानीतून भाषांतर करणारा म्हणून माझे मत ठाम आहे: आधी शब्दशः अर्थ द्यावा, मग ती म्हण कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी ऐकवतो ते सांगावे, आणि इंग्रजी म्हण अगदीच हवी असेल तर ती शेवटी ठेवावी.

'सारु मो कि कारा ओचिरु' म्हणजे माकडेही झाडावरून पडतात. 'कोबो नि मो फुदे नो आयामारि' या म्हणीचा आशय तोच: कोबोच्या हातूनही कुंचल्याची चूक होते. कोबो म्हणजे शिंगोन बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५), जपानच्या थोर सुलेखनकारांपैकी एक. दोन्हींसाठी 'होमरलाही (प्राचीन ग्रीक महाकवीलाही) डुलकी लागते' ही एकच इंग्रजी म्हण दिली, तर वरिष्ठांच्या चुकीबद्दल पहिली म्हण वापरणे उद्धटपणाचे ठरते, कारण त्यात त्यांची तुलना माकडाशी होते, ही महत्त्वाची गोष्ट वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

अर्थात, निव्वळ शब्दशः अर्थही पुरत नाही. 'नासाके वा हितो नो तामे नाराझु' ही म्हण शब्दशः सांगते की दया दुसऱ्यासाठी नसते. केलेली दया फिरून आपल्याकडेच येते, असा तिचा मूळ अर्थ आहे. 'नाराझु' हे जुन्या भाषेतले रूप 'नसते' या अर्थाचे असले, तरी आजच्या कानाला ते 'हिताचे ठरत नाही' असे वाटते. त्यामुळे दया केल्याने माणूस बिघडतो, असा उलटा अर्थ पुष्कळ जपानी लोकही लावतात. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाच्या २०१० सालच्या भाषाविषयक पाहणीत दोन्ही अर्थ सांगणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे, प्रत्येकी पंचेचाळीस टक्क्यांहून थोडे अधिक होते. अशा म्हणीखाली दोन्ही अर्थ नोंदवून मूळ कोणता ते स्पष्ट लिहावे.

'इनु मो आरुकेबा बो नि आतारु', म्हणजे कुत्रा हिंडला तर त्याला काठी लागते, ही म्हणही दुहेरी आहे. नसती उठाठेव अंगाशी येते, हा एक अर्थ. बाहेर पडले तर अनपेक्षित लाभ होतो, हा दुसरा. येथे प्रत्येक अर्थासाठी संवादातले एकेक वाक्य द्यावे.