मोठ्या फळाचे बी धरले, तरी तोडा का घटला?

प्रश्न (जुन्नर तालुका): गेल्या हंगामात संकरित टोमॅटोची सर्वांत मोठी फळे निवडून घरीच बी धरले. यंदा काही झाडे झुडपासारखी राहिली, काही काठीच्या वर गेली. फळे लहानमोठी आहेत, मधूनमधून बोकड्याही (पाने आकसून गुंडाळणारा विषाणूरोग) दिसतो. खत कमी पडले का?

उत्तर: एकाच सरीत, एकाच ठिबकवर शेजारची दोन झाडे इतकी वेगळी वाढत असतील, तर खताला दोष देऊ नका. दोष बियाण्याचा आहे. संकरित वाण म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी. तिच्यात सगळी झाडे सारखी असतात. त्याच फळांचे बी लावले की जनुकांची फाटाफूट होते. एक पालक उंच वाढणारा आणि दुसरा झुडपी असेल, तर साधारण ४ झाडांत १ झुडपी निघते. बोकड्याचेही तसेच. त्याला अटकाव करणारी 'टीवाय' जनुके जंगली टोमॅटोतून आणली आहेत. असे जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल, तर पुढच्या पिढीत चौथा हिस्सा झाडांत ते उरतच नाही. पांढरी माशी आली की आधी तीच झाडे बसतात. संकराचा जोमही घटतो, तो वेगळा.

दुसरी चूक मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती सरळ (संकरित नसलेल्या) वाणातही होते: बी फळ पाहून धरणे. फळाचे वजन पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरते, पण फळ मोठे झाले की झाडावरची संख्या बहुधा घटते, आणि क्रेट भरतात ते मुख्यतः संख्येवर. शिवाय ज्या झाडावर मोजकीच फळे टिकली, त्याची फळे पोसणारच. म्हणून झाड निवडा. पहिल्या तोड्याआधी निरोगी, भरपूर घोस धरलेल्या झाडांना सुतळी बांधा, बांधाकडेची झाडे सोडा, आणि प्रत्येक तोड्याला त्या झाडांची फळे मोजून लिहून ठेवा. शेवटी जास्त फळे देणाऱ्या झाडांचेच पूर्ण पिकलेल्या फळांतले बी धरा.

हे सारे सरळ वाणातच करा. राहुरी विद्यापीठाचे धनश्री किंवा भाग्यश्री चालेल. टोमॅटो स्वपरागी (स्वतःच्याच परागाने फळणारा) असल्याने त्यांचे घरी धरलेले बी वाणासारखेच उतरते. बोकड्याचा त्रास जास्त असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक घ्या. तो लीफ कर्ल (म्हणजे बोकड्या), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. मात्र तो संकरित आहे, बी दरवर्षी नवे आणावे लागेल.

यंदाच्या प्लॉटमधली बोकड्याची झाडे आजच उपटून गाडा आणि त्यातले बी धरू नका.