मेंढीकोटचे नियम बदलण्याआधी

मेंढीकोट म्हणजे चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा, दश्श्या (दहाची पाने) जिंकण्याचा पत्त्यांचा खेळ. घरच्या मेंढीकोटचे नियम नव्याने ठरवण्याची आपली कल्पना चांगली आहे. मात्र आलेल्या रंगाचेच पान टाकायचे हा नियम हलवू नका, कारण हुकमाची, म्हणजे बाकी रंगांवर मात करणाऱ्या रंगाची, सारी किंमत त्यावरच उभी आहे. सुरुवातीला दोनच गोष्टी ठरवा आणि पाने वाटण्यापूर्वी त्या कागदावर लिहा.

१. हुकूम बंद ठेवायचा (एक पान पालथे ठेवून आधीच ठरवायचा) की खेळता खेळता ठरवायचा? दुसऱ्या पद्धतीत इस्पिकची उतारी (फेरीतले पहिले पान) असताना इस्पिक नसलेल्या पहिल्या भिडूने चौकट सत्ती टाकली, की चौकट हुकूम झाला. नवख्यांसाठी मला हीच पद्धत सोपी वाटते.
२. दश्श्या दोन-दोन झाल्यास १३ पैकी ७ हात (चार पानांच्या फेऱ्या) करणारी जोडी जिंकेल, हे सर्वांना मान्य आहे का?

डाव अर्ध्यावर आल्यावर नियम सुचवणे ही नेहमीची चूक आहे, आणि सूचना बहुधा दश्शी गमावलेल्याकडूनच येते! बावन्नपानी कोटाचे, म्हणजे एकाच जोडीने तेराही हात जिंकण्याचे, गुण तूर्त राहू द्या.